भिंत नेमकी कुठं आहे?

कडोलीत कुणाला अंतर विचारू नये. माहीत नसतं म्हणून नव्हे, फार माहीत असतं म्हणून. 'बेळगाव किती लांब?' असं विचारा. स्टँडवर उभा असलेला म्हणेल, "बस वेळेत आली तर जवळ." मोटरसायकलवाला म्हणेल, "हे काय, इथंच." पहाटे भाजीचं ओझं घेऊन बाजार गाठणारी बाई म्हणेल, "लांब हाय की." आणि देवळाच्या कट्ट्यावरचा म्हातारा आधी उलटा प्रश्न टाकेल, "कुणाकडं जायचंय?" चौघांचीही उत्तरं बरोबर असतात. किलोमीटरचा आकडा रस्त्याकडेच्या दगडावर असतो, पण दगडाला विचारतो कोण!

तसा अंतर आणि हद्द या विषयांत आमच्या भागाचा अभ्यास दांडगा. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि घर न हलवता आम्ही दोन राज्यांमधल्या रेघेजवळ राहायला आलो. त्या रेघेच्या वादासाठी १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ला त्याचा अहवाल आला, २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इथलं पोर बाराखडीच्या आधी 'भौगोलिक सलगता' हा शब्द ऐकतं. इथून मुंबई साधारण पाचशे किलोमीटर आणि बंगळूरही साधारण पाचशे. इतक्या बेतानं मध्यावर वसलेली माणसं मोजमापाच्या बाबतीत जरा संशयी असणारच. गावात दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. तिथंही भाषण आणि जेवण यांच्यात नेमकं किती अंतर उरलंय यावर श्रोत्यांत दुमत असतं. ते मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

जी निघालीत ती यंदा आमच्या मधल्या घरात येऊन पडली. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८पासून बेळगावात आहे. त्यामुळं आसपासच्या गावांत घरटी एक इंजिनिअर झालेला आहे किंवा होतो आहे, आणि उरलेले त्याचा प्रोजेक्ट कधी संपतोय याची वाट बघताहेत. आमचा पुतण्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट असा की खोलीच्या मध्यावर एक यंत्र ठेवायचं, त्यानं चारी बाजूंची अंतरं मोजायची आणि लॅपटॉपवर खोलीचा नकाशा उमटवायचा. पोरं चार : आमचा, एक निपाणीचा, एक खानापूरचा आणि एक हुक्केरीचा. हुक्केरीचा आमच्या आईशी कन्नडात बोलायचा, आई त्याला मराठीत उत्तर द्यायची आणि चहात साखर किती यावर दोघांचं कधी बिनसलं नाही. बिनसलं ते सेन्सरवरून. चौघांचे चार सेन्सर होते आणि प्रत्येकाचा आपल्या सेन्सरवर जीव होता.

कॉलेजच्या लॅबमध्ये हे भांडण झालंच नसतं. लॅबच्या भिंती सरळ, रंग पांढरा, सामान नाही. अशा खोलीत कुठलाही सेन्सर पास होतो. पण त्यांच्या सरांनी अट घातली की राहत्या घरात मोजून दाखवा. आमचं मधलं घर म्हणजे तीन खणांची मातीच्या भिंतींची खोली. रताळ्यांची पोती, लोखंडी ट्रंका, दांडीवर आईच्या गोधड्या, काचेच्या चौकटीतले देव आणि वाडवडील, खुंटीला ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब (हिच्यावर घरातली दोन पिढ्यांची पोरं विहिरीत पोहायला शिकली) आणि पलीकडच्या अंगाला आरशाचं कपाट. या खोलीत माणसाला माणूस दिसत नाही. यंत्राला काय दिसणार, असा आईचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता.

पोरांनी आधी टेपनं मोजून घेतलं. खरं माप हाताशी असलं की यंत्र किती चुकतं ते कळेल, हा विचार चांगलाच. पण टेप जमिनीजवळ धरली तर एक आकडा आला आणि छातीच्या उंचीवर धरली तर दुसरा.

"भिंतीनं पोट काढलंय," आई म्हणाली. "तुमच्या आज्ज्याच्या वेळेपासून."

पोरांनी वहीत लिहिलं, 'संदर्भ माप : दोन.' प्रोजेक्टची सुरुवात अशी झाली.

पहिला मान खानापूरकराच्या सेन्सरचा. एचसी-एसआर०४ हे त्याचं नाव, शंभर रुपयांच्या आसपास किंमत आणि समोर दोन मोठे गोल डोळे. ते खरं तर डोळे नव्हेत. एक तोंड आणि एक कान. तोंडातून सेकंदाला चाळीस हजार कंपनांचा आवाज निघतो, भिंतीला आपटून परत येतो आणि कान तो ऐकतो. जायला-यायला किती मायक्रोसेकंद लागले ते पाहायचं, त्याला ५८नं भागायचं, की सेंटिमीटर हजर. दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंत मोजतो असं कागदावर लिहिलेलं असतं. माणसाला वीस हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे शांतपणे बसलो होतो. मांजराला साठ हजारांच्याही पुढचं ऐकू येतं. आमची मांजरी उठली, सेन्सरकडं एकवार बघितलं आणि मळ्यात निघून गेली. साऱ्या प्रोजेक्टमध्ये सेन्सरचं म्हणणं लक्ष देऊन ऐकणारी तेवढी एकटीच.

हा सेन्सर एका छोट्या सर्व्हो मोटरवर बसवला. मोटर टकटक करत अर्धं वर्तुळ फिरली. पडद्यावर नकाशा आला आणि त्यात खोलीला दार नव्हतं.

कारण साधं आहे. आवाज सरळ रेघेत जात नाही, तो पसरतो. या सेन्सरची नजर पंधरा अंशांची, म्हणजे तीन मीटरवर ती पाऊण मीटरहून रुंद होते. आमचं जुनं दार जेमतेम तेवढंच. दाराच्या पोकळीतून पलीकडं पाहायला गेलेला आवाज दोन्ही बाजूंच्या चौकटींना लागूनच परत यायचा आणि सेन्सर म्हणायचा, 'इथं भिंत आहे.' त्या नकाशात आत गेलेला पाहुणा बाहेर पडणं शक्य नव्हतं. आईला हा सेन्सर सुरुवातीला आवडला तो याच कारणासाठी.

मग गोधड्यांची पाळी. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी आवाज गिळते, परत काही देत नाही. सेन्सर वाट बघून बघून शेवटी सांगतो की या दिशेला काहीच नाही. नकाशात भिंतीला भगदाड पडलं. म्हणजे जिथं दार आहे तिथं भिंत आणि जिथं भिंत आहे तिथं दार. खानापूरकर म्हणाला, "सरासरी काढली तर बरोबर येतंय."

आणखी एक भानगड हवेची. आवाजाचा वेग वीस अंशांना सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि तपमान एका अंशानं वाढलं की तो साधारण ०.६ मीटरनं वाढतो. हिशेब करून बघा. डिसेंबरच्या पहाटे चौदा अंश, मेच्या दुपारी छत्तीस. घड्याळ आणि सूत्र तेच ठेवलं तर चार मीटरवरची भिंत या दोन वेळांत जवळपास पंधरा सेंटिमीटर सरकते. उन्हाळ्यात आमची खोली लहान होते! ही अडचण जुनीच आहे. विल्यम लॅम्ब्टननं १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थानच्या मोठ्या मोजणीची पहिली रेघ आखली, तेव्हा पोलादी साखळी उन्हानं लांबू नये म्हणून ती तंबूच्या सावलीत अंथरून शेजारी थर्मामीटर ठेवले होते. पोरांनीही डीएचटी-११ नावाचा तपमानाचा सेन्सर शेजारी बसवला. तो दोन अंश इकडंतिकडं चुकू शकतो असं त्याच्याच कागदावर छापलेलं आहे. पंधरा सेंटिमीटरची चूक त्यानं दीड सेंटिमीटरवर आणली. आमच्या भिंतीचं पोट त्याहून मोठं आहे.

निपाणीकराचा पक्ष शार्पच्या इन्फ्रारेड सेन्सरचा होता. एका बाजूनं न दिसणारा उजेड पाठवायचा, दुसऱ्या बाजूनं तो कुठल्या कोनातून परत येतो ते बघायचं आणि त्रिकोणाच्या हिशेबानं अंतर काढायचं. म्हणजे लॅम्ब्टनची विद्या काडेपेटीएवढ्या डबीत. तत्त्व उत्तम. पल्ला दहा ते ऐंशी सेंटिमीटर. खोलीच्या मध्यावर ठेवला तर त्याला फक्त पहिली ट्रंक दिसायची, पलीकडचं सगळं जग माया. शिवाय त्याची एक खोड आहे : वस्तू दहा सेंटिमीटरच्या आत आली की व्होल्टेज परत उतरायला लागतं आणि तो सांगतो की वस्तू लांब गेली. फार जवळ आलेला माणूस लांबचा वाटायला लागणं हे आम्हाला भावकीत नवीन नाही, पण यंत्राकडून ते अपेक्षित नव्हतं. निपाणीकरानं दोन दिवस झुंज दिली आणि मग सेन्सर गुपचूप खिशात घातला. मला तो सेन्सर प्रामाणिक वाटला. ऐंशीच्या पुढचं आपल्याला कळत नाही हे कागदावर लिहून देणारे कमी असतात.

तिसरा आमच्या पुतण्याचा, व्हीएल५३एल०एक्स. नखाएवढा तुकडा. त्यातून लेसर निघतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजलं जातं. आवाजाच्या बाबतीत हे ठीक आहे, पण उजेड एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. पोरांच्या आर्डुइनोचं, म्हणजे सेन्सर चालवणाऱ्या छोट्या बोर्डाचं, घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देतं. ऐकायला मोठं वाटतं, पण त्या एका ठोक्यात आवाज मिलिमीटरचा पन्नासावा भाग सरकतो आणि उजेड पावणेएकोणीस मीटर. आर्डुइनोनं 'एक' म्हणेपर्यंत उजेड खोली, सोपा, अंगण ओलांडून रस्त्यावर. म्हणून ही मोजणी आर्डुइनो करत नाही. त्या नखाएवढ्या तुकड्याच्या आतच ती होते आणि बाहेर फक्त तयार आकडा येतो. पुतण्यानं हे मला इतक्या अभिमानानं सांगितलं की पल्ला दोनच मीटरचा कसा, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं. ते आईनं विचारलं.

मग त्याचा थोरला भाऊ आला, व्हीएल५३एल१एक्स. हा चार मीटरपर्यंत जातो, अंधार असेल तर. उजेडात पल्ला घटतो, म्हणून भरदुपारी खिडक्या लावून, कौलातल्या काचेवर पोतं टाकून मोजणी चालू झाली. शेजारच्या बाईनं आईला हळूच विचारलं, "कुणाला गोवर आलाय काय?"

लेसर म्हटलं की आपल्याला दाभणाच्या टोकाएवढी रेघ वाटते. या सेन्सरची नजर सत्तावीस अंशांची आहे, खानापूरकराच्या आवाजवाल्यापेक्षाही ऐसपैस. कोड लिहून ती जवळपास निम्मी आवळता येते, पण तेव्हा उजेड कमी मिळतो आणि आकडा थरथरतो. गोधडी मात्र याला व्यवस्थित दिसली. खानापूरकराचं तोंड उतरलं. मग सर्व्हो खुंटीकडं वळली आणि तिथं ट्यूब होती. रबर काळं करणारी काजळी इन्फ्रारेडही पिऊन टाकते. परत आलेला उजेड इतका थोडा की सेन्सरनं एकदा तीन मीटर सांगितलं, एकदा साडेतीन आणि मग हात वर केले. खानापूरकरानं लगेच आपला सेन्सर लावला. ट्यूब ठणठणीत दिसली.

काचेच्या बाबतीतही हेच. देवांच्या तसबिरींवर उजेड कधी काचेला लागून भलतीकडं निसटायचा, कधी आतल्या चित्राला लागून परत यायचा. आवाजाला मात्र काच म्हणजे भिंतच. पोलरॉईड कंपनीनं १९७८ साली आवाजानं अंतर ओळखणारा कॅमेरा काढला होता. खिडकीतून बाहेरचा डोंगर टिपायला जावं तर तो खिडकीच्या काचेवर फोकस करायचा. तेव्हा कुणाला दोष द्यायचा? आवाजवाला आणि लेसरवाला दोघेही आपापल्या परीनं खरंच बोलत होते. एकाला विचारलं होतं 'आवाज कुठून परतला?', दुसऱ्याला 'उजेड कुठून परतला?' भिंत कुठं आहे हे दोघांनाही कुणी विचारलंच नव्हतं. ते पोरं स्वतःच्या मनानं धरून चालली होती.

हुक्केरीचा एवढे दिवस गप्प होता. त्यानं एका सीनियरकडून आरपीलिडार ए१ हा फिरता लेसर सेन्सर मागून आणला. पोरांच्या खिशाला न परवडणारी गोष्ट. बारा मीटर पल्ला, डोकं स्वतःभोवती सेकंदाला पाच-साडेपाच फेऱ्या घेतं आणि अंशा-अंशाला एक ठिपका टाकत जातं. सर्व्हो नको, टकटक नको. जमिनीवर ठेवला, चालू केला आणि क्षणात पडद्यावर खोली उमटली. दारासकट! चौघं ओरडले. आई चष्मा लावून आली.

"माझी कॉट कुठाय?"

कॉट नव्हती. तिच्या जागी चार ठिपके होते. लिडार फक्त स्वतःच्या उंचीवरचं बघतो. जमिनीवरून त्याला कॉटचे पाय दिसले, कॉट दिसली नाही. मग तो स्टुलावर ठेवला. तेव्हा रताळ्यांची पोती नाहीशी झाली आणि भिंतीचं पोट अवतरलं. आईनं निकाल दिला, "हा घोट्याएवढं तरी बघतो नाहीतर कमरेएवढं. घर असं बघत नाहीत."

पण खरी गंमत कपाटाच्या बाजूला झाली. आरशावर तिरपा पडलेला लेसर परावर्तित होऊन समोरच्या भिंतीवर गेला आणि त्याच वाटेनं परत आला. लिडारला हे वळण कळत नाही. त्यानं सगळं अंतर सरळ रेघेत धरलं आणि ठिपके आरशाच्या पलीकडं टाकले. पडद्यावर आमची खोली कपाट ओलांडून, सामाईक भिंत ओलांडून, पलीकडच्या घरात चांगली दोन-अडीच मीटर घुसली. पलीकडं आमचे चुलतभाऊ राहतात, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्या सामाईक भिंतीवरून दोन्ही घरांत तीस वर्षं बोलणं आहे. म्हणजे भिंतीबद्दल सोडून बाकी सगळं बोलणं आहे.

अण्णा नेमके चहाला आले होते. त्यांनी पडदा निरखला.

"हे आमचं सैपाकघर न्हवं काय?"

"तसं नाही अण्णा," पुतण्या म्हणाला, "तो आरशाचा परिणाम आहे. आभासी प्रतिमा."

"आरसा असू दे की. खरं रेघ कुठं आलीया बघ."

"ती खोटी रेघ आहे."

"खोटी आहे तर कॉम्प्युटरात कशी आली?"

यावर चार भावी इंजिनिअरांना उत्तर सुचलं नाही. अण्णांचं चुकत नव्हतं. कर्नाटकात 'भूमी' प्रकल्पात जमिनीचे उतारे संगणकावर गेले, तेव्हापासून गावाला एक गोष्ट पक्की कळली आहे की बांध कुठंही असो, संगणकात असतो तोच बांध. त्याआधी मोजणीदार साखळी घेऊन यायचा. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे, तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा. साखळी ओढणारा कुठल्या घरी जेवला यावरून कुणाच्या बाजूला किती आणे सरकणार याचा गावाला अंदाज असायचा. साखळीला निदान जेवू घालता येत होतं. या गरगर फिरणाऱ्या डबीचं काय करायचं, हा अण्णांसमोरचा प्रश्न होता. त्यांनी चहा अर्धा ठेवला. आमच्याकडं अर्धा चहा ठेवणं म्हणजे नोटीस.

पुतण्यानं आरशावर गोधडी टाकली आणि पुन्हा मोजलं. रेघ मुकाट्यानं आपल्या जागी आली. हे अण्णांना दाखवायला तो धावत गेला, पण अण्णा म्हणाले, "झाकून ठेवलं की सगळ्यांचंच बरोबर दिसतंय."

लिडार सीनियरला परत करावा लागला. मग पोरांनी जे केलं ते मला पटलं. आवाजवाला आणि लेसरवाला हे दोघेही एकाच सर्व्होवर शेजारी-शेजारी बसवले. एकाला गोधडी दिसत नाही, दुसऱ्याला ट्यूब. पण दोघं एकाच वस्तूबाबत एकाच वेळी चुकतील असं सहसा होत नाही. दोघांचे आकडे जुळले तर नकाशात काळी रेघ. जुळले नाहीत तर सरासरी काढायची नाही, हा हुक्केरीच्या पोराचा आग्रह. त्या जागी पिवळा पट्टा ओढायचा आणि लिहायचं 'अनिश्चित'. खानापूरकराला आधी हे पटेना. अर्धवट नकाशा दिला तर मार्क कापतील अशी त्याला भीती. निपाणीकर म्हणाला, "अरे, आपण ज्या जिल्ह्यात वाढलो त्याच्या नकाशात एवढा प्रामाणिकपणा कुणी दाखवलाय?" ठराव मंजूर झाला. तपमानाची दुरुस्ती आत घातली, वर आणि खाली अशा दोन उंचींवर मोजायचं ठरलं आणि आईच्या समाधानासाठी कॉट हातानं काढली.

रिपोर्टही लिहून झाला. पहिल्या पानावर वटवाघळाचं चित्र आहे. का, ते कुणालाच माहीत नाही, पण अंतराच्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये ते असतंच. सरांना पिवळे पट्टे आवडले असं ऐकतो.

पोरं आवराआवर करत होती तेव्हा बाहेर टेम्पो थांबला. अण्णा बेळगावच्या खडेबाजारातून पोत्यात गुंडाळलेला पुरुषभर उंचीचा आरसा घेऊन आले होते. दोघा गड्यांना हाताशी घेऊन त्यांनी तो सामाईक भिंतीला, आपल्या बाजूनं टेकवला. कोपऱ्यात नको, बरोबर मध्यावर. मग दारातून हाक आली.

"या रे पोरांनू, आता इकडून मोजा."

"अण्णा, ते यंत्र परत दिलं."

"मग आणा की परत. भाडं मी देतो."